कार्तिकेयला चांगलं म्हणायचं नाही

२ जुलै

घरात देवनागरी वाचता येणारा मी एकटाच. शाळेत असताना हिंदीच्या परीक्षा दिल्या, त्याचा एवढाच उपयोग झाला. अप्पा तमिळ वाचतात, इंग्रजी वाचतात. मराठी फक्त बोलतात, तीही बहुतेक माझ्यावर ओरडायला. तेव्हा इथे काहीही लिहायला हरकत नाही.

कॉलेज सोडून आलो त्याला आता बरेच दिवस झाले. लॅबमध्ये एका सरांशी वाजले. त्यांनी माफी माग म्हटले, मी बॅग घेऊन तंजावूरला आलो. अप्पांनी बोलणे टाकले आहे. घर शांत आहे.

काल वत्सला आत्याने बोलावले. राजवाड्यामागच्या गल्लीत तिची बालशाळा आहे, म्हणजे तिच्याच घराचा खालचा मजला. "काही करत नाहीस तर पोरांच्या चपला तरी ओळीनं लाव," म्हणाली. मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात आतून एक मुलगी आली, रडणाऱ्या एका पोरापुढे गुडघे टेकून बसली, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून काहीतरी बोलली. इतक्या हळू, की दोन हातांवर असून मला ऐकू आले नाही. पोर गप्प झाले.

नाव हरिता. आपल्यातलीच, तंजावुरी मराठी. रोज पापनाशमहून गाडीने येते. कोइंबतूरला लहान मुलांना शिकवायचा कोर्स केला आहे.

मी आत्याला हो म्हटले.

७ जुलै

चपलांचे काम एका दिवसात संपले. आता माझ्याकडे कार्तिकेय आहे.

वय चार. चावतो. ढकलत नाही, मारत नाही, रडत नाही. सरळ चावतो. त्याची आई वासुकी ओरत्तनाडूच्या बँकेत, सकाळीच बस धरते. वडील परगावी. शाळेबाहेरचा सगळा वेळ आजीकडे, चंद्रमती आजींकडे. घरात आपली मराठी, शाळेत तमिळ आणि इंग्रजी. इथे त्याला कळते सगळे, बोलतो काही नाही. मराठी येते म्हणून मला त्याच्या शेजारी बसवले आहे.

भुवना नावाच्या मुलीला तो दोनदा चावला. तिचे वडील सुब्रह्मण्य आत्यासमोर उभे राहून म्हणाले, "मॅडम, आणखी एकदा झालं तर तो तरी राहील, नाहीतर माझी मुलगी तरी. आणि माझी मुलगी एकटी जाणार नाही, बाकीच्या आयांशी मी बोललोय."

आत्या म्हणाली, आडी महिना संपेपर्यंत, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत, बघू. ते निघाले तेव्हा दारात मी होतो. मला म्हणाले, "छडी ठेवा की एक. आम्ही काय मेलो का छडीनं?"

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मलाही तेच वाटत होते.

११ जुलै

हरिताच्या पद्धती लिहून ठेवतो. मला पटल्यात असे नाही.

'धावू नको' म्हणायचे नाही, 'चाल' म्हणायचे. मूल काय चुकते ते पकडण्याऐवजी काय बरोबर करते ते पकडायचे आणि तिथल्या तिथे सांगायचे. चावले तर आधी ज्याला चावले त्याच्याकडे जायचे. चावणाऱ्याला व्याख्यान नाही.

मी म्हटले, "म्हणजे त्याला काहीच शिक्षा नाही?"

"त्याला शब्द नाहीत," ती म्हणाली. "शब्द नसलेल्याला शिक्षा करून काय बोलायला लावणार? तुम्ही त्याच्याकडे बघत बसा. चावायच्या आधी काय करतो ते मला सांगा."

बघत बसलो. तो शर्टाची कॉलर तोंडात घेतो. कॉलर चघळतो, मग चघळणे थांबते, मग चावतो. आज चघळणे थांबण्याआधी मी मध्ये पडलो. त्याच्या हातातला ठोकळा एका पोराने ओढला होता. मी कानात म्हटले, "म्हण, एन्नोडदु. माझं आहे म्हण." तो काही बोलला नाही, पण चावलाही नाही.

हरिताला सांगितले. ती म्हणाली, "कॉलर. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं."

घरी येईपर्यंत हेच वाक्य मनात होते. तिच्या लक्षात न आलेले माझ्या लक्षात आले, हे तिने स्वतः म्हटले.

१८ जुलै

आज ती म्हणाली, "प्राणेश, फाटक हळू लावलंत. आत झोपलेली पोरं दचकली नाहीत."

मी फाटक कसे लावतो याकडे तिचे लक्ष असते.

आत्याला सहज म्हटले की हरिता माझ्याशी जरा वेगळी बोलते. आत्या तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तीन वर्षांच्या पोराशी नि तुझ्याशी ती एकाच आवाजात बोलते. मी रोज ऐकते." आत्याने लग्न केले नाही, त्यामुळे तिला या गोष्टी कळत नसाव्यात.

खरी बातमी वेगळी. भुवनाने ठोकळा ओढला आणि कार्तिकेय मोठ्याने म्हणाला, "एन्नोडदु." पहिला तमिळ शब्द. भुवनाने ठोकळा परत दिला. मग त्याने कुणी न सांगता चटई गुंडाळली आणि कोपऱ्यात नेऊन ठेवली. हरिताने सगळ्यांसमोर त्याचे नाव घेऊन सांगितले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला ते कमी वाटले. शाळा सुटताना त्याला खांद्यावर घेतले आणि गल्लीभर फिरवले, "बघा, राजा बघा तंजावूरचा, याच्यासारखा शहाणा पोर नाही." आया हसत होत्या. सुब्रह्मण्यसुद्धा बघत होते, मुद्दाम त्यांच्यासमोरून नेले. चंद्रमती आजी फाटकाशी होत्या. त्यांनी त्याला माझ्या खांद्यावरून उतरवून घेतले.

२२ जुलै

कार्तिकेय आला नाही. कालही नव्हता. आत्याने फोन केला तर आजी ताप आहे म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या, आता पाठवायचं नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दारातच मिरच्या जळल्याचा वास. पोर आत बसून इडली खात होते, ताप उतरला होता. कपाळावर, गालावर, पायाच्या तळव्यावरही काजळाचे ठिपके.

आजी म्हणाल्या, "गल्लीत मिरवायला देव आहे का तो? शंभर डोळे पडले त्याच्यावर. रात्रीच फणफणला."

मी म्हटले, "आजी, ताप विषाणूनं येतो. शाळेत आणखी चार पोरांना आलाय."

"त्यांनाही कुणी मिरवलं असेल."

मग मी आवाज चढवला. काय काय बोललो ते लिहीत नाही. अडाणी हा शब्द त्यात होता. आजींनी दार लावले. जोरात नाही लावले. परतताना मी राजवाड्याच्या भिंतीवर मूठ मारली. भिंतीला काही झाले नाही.

२५ जुलै

हात सुजला आहे. हरिताने विचारले, मी खरे सांगितले. ती म्हणाली, "मी उद्या आजींकडे जाणार होते. आजच जाऊ." सुजलेल्या हाताबद्दल काही बोलली नाही. मला वाटले होते बोलेल.

आजींनी तिला आत घेतले, मला ओसरीवर ठेवले. ओसरीवरून ऐकू येत होते.

हरिता म्हणाली, "आजी, तुम्ही त्याला कधीच चांगलं म्हणत नाही का?"

"आमच्याकडे तोंडावर म्हणत नाहीत. तुमच्याकडे म्हणतात?"

"आमच्याकडेही नाही. माझी आजी मला म्हणायची, कुठून आली ही काळी घूस."

आजी हसल्या. मग आजी म्हणाल्या, "याच्याआधीचा नातू असाच होता. जो येई तो म्हणे, कसा गोरा, कसा हुशार, दीड वर्षाचा नि श्लोक म्हणतो. मीच म्हणवून घ्यायची त्याच्याकडून, आल्यागेल्यापुढे. दोन वर्षांचा झाला नाही."

मला हे माहीत नव्हते. आत्याला माहीत असेल. कुणी सांगितले नाही.

थोड्या वेळाने हरिता म्हणाली, "मी चांगलं म्हणणार नाही. त्यानं जे केलं तेवढंच सांगेन."

"म्हणजे कसं? म्हणून दाखव."

"चटई गुंडाळलीस. कोपऱ्यात ठेवलीस."

"एवढंच?"

"एवढंच."

आजी म्हणाल्या, "एवढ्यात दृष्ट बसायला जागा नाही. पण टाळ्या नकोत. आणि तो बाहेर बसलाय त्याला सांग, खांद्यावर घ्यायचं असेल तर स्वतःचं पोर घे."

परत येताना हरिताचा फोन वाजला. तिचा आतेभाऊ त्यागराज, चेन्नईत असतो. जेवलीस का, गाडी मिळाली का, एवढेच विचारायला रोज फोन करतो म्हणे. भावंडांत इतका जिव्हाळा हल्ली दिसत नाही.

३० जुलै

कार्तिकेय परत आला. वर्गात आता सगळ्यांनाच असे सांगतात : बाटलीचे झाकण लावलेस. रांगेत उभी राहिलीस. भुवनाला जागा दिलीस. चांगले, छान, हुशार हे शब्द बंद. ऐकायला कोरडे वाटते, आकाशवाणीवर धरणाची पातळी सांगतात तसे. पण पोरे मान वर करून ऐकतात. झाकण लावले हे कुणीतरी पाहिले, एवढे त्यांना पुरते असे दिसते.

हरिता म्हणाली, आडीनंतरच्या आवणी महिन्यात तिला रजा लागेल. घरी कार्य आहे. सत्यनारायण असेल.

३ ऑगस्ट

आज आडीपेरुक्कु, नदीला नवे पाणी येते त्याचा सण. कावेरीवर गर्दी. सगळे चित्रान्नाचे डबे घेऊन आलेले. लिंबाचा भात, चिंचेचा भात, दहीभात. अप्पा माझ्या शेजारी बसून जेवले. बोलले नाहीत, पण लोणचे माझ्याकडे सरकवले.

पायऱ्यांवर चंद्रमती आजी आणि कार्तिकेय होते. तो सगळ्यांच्या उष्ट्या पत्रावळ्या एकावर एक रचत होता, एकही पडू न देता. आजी त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "शी, किती घाण काम. असलं वाईट काम मी जन्मात पाहिलं नाही." आणि तो असा हसला, असा हसला, की त्याचे सगळे दात दिसले. हरिताच्या एकाही वाक्यावर तो असा हसलेला नाही.

मीही लहानपणी हेच ऐकून मोठा झालो. आई मला जवळ घेऊन म्हणायची, दगड जन्माला आला माझ्या पोटी. मला त्यात कधी दगड ऐकू आला नाही.

हे शाळेत का नको? आजींची अट मोडत नाही, आणि कोरडेही नाही. हरिताला आधी सांगणार नाही. होऊ दे, मग तिला आपोआप दिसेल.

६ ऑगस्ट

सुरू केले. हरिता दुसऱ्या टोकाला असते तेव्हाच. कार्तिकेयने मनोरा रचला. मी नाक मुरडून म्हटले, "मोसम. रोंब मोसम." तमिळमध्ये म्हटले, वाईट, फार वाईट, म्हणजे त्याची तमिळही होईल. तो खुलला. माझ्या मांडीवर येऊन बसला. आजवर कुणाच्या मांडीवर बसला नव्हता.

कॉलर चघळणे दोन दिवसांत एकदाही नाही.

८ ऑगस्ट

हरिता आज आली नाही. घरच्यांबरोबर कुंभकोणमला साड्या घ्यायला गेली. सत्यनारायणाला एवढ्या साड्या कशाला, आत्याला विचारले. आत्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "जा, पोरांना पाणी दे."

वर्ग आज माझ्याकडे होता. मोसमने धमाल आणली. कार्तिकेय काही करतो, मी मोसम म्हणतो, तो हसतो, मग सगळेच हसतात. बाकीची पोरेही आपापले मनोरे दाखवायला येतात, "अण्णा, मला मोसम म्हण." भुवना तर तीनदा आली. मी म्हटले, "तुझा नाही मोसम. फक्त कार्तिकेयचा." ती तोंड पाडून गेली. हरिता असती तर तिने हे पाहिले असते.

१२ ऑगस्ट

चावला.

जे झाले ते क्रमाने लिहितो. सकाळची वेळ. कार्तिकेय मनोरा रचत होता, त्याच्या छातीपर्यंत आला होता. भुवना माझ्याकडे बघत बघत त्याच्याजवळ गेली. मी बघत होतो. तिने दोन्ही हातांनी मनोरा पाडला, म्हणाली, "मोसम. रोंब मोसम." नाक मुरडून, माझ्यासारखे. आणि लगेच माझ्याकडे पाहिले. हसत.

दोन-तीन पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळी ओरडू लागली, मोसम कार्तिकेय, मोसम कार्तिकेय.

तो हसला नाही. माझ्याकडे बघत होता. त्याने कॉलरही तोंडात घेतली नाही. मी उठेपर्यंत भुवनाच्या दंडावर दात होते. या वेळी रक्त आले.

हरिता धावत आली, भुवनाला घेतले, जखम धुतली, बर्फ लावला. मग मला विचारले, "मोसम कुठून आलं?"

मी सांगितले. घाट, आजी, पत्रावळ्या, सगळे.

तिने ऐकून घेतले. म्हणाली, "घरात तो आजीचं तोंड बघतो. इथे बाकीचे तुमचे शब्द ऐकतात." मग म्हणाली, "भुवनाला बक्षीस हवं होतं. तुम्ही हसता ना, ते."

आवाज चढवला नाही. माझ्याशी बोलताना ती गुडघ्यावर बसलेली नव्हती, पण आवाज तोच होता. रडणाऱ्या पोराशी बोलते तो. आत्या म्हणाली ते खरे होते.

कार्तिकेय संध्याकाळपर्यंत बाकाखाली बसून होता. मी जवळ गेलो तर त्याने तोंड भिंतीकडे केले.

१३ ऑगस्ट

पालकांना आत्याने संध्याकाळी बोलावले होते. लहान मुलांच्या खुर्च्यांवर सगळे मोठे लोक, गुडघे छातीशी. चंद्रमती आजी एकट्या, भिंतीशी. वासुकीची बस आली नव्हती.

सुब्रह्मण्यांनी भुवनाच्या दंडाचा फोटो सगळ्यांना दाखवला. म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं. टाळ्या नाहीत, छडी नाही, नुसतं झाकण लावलंस, चप्पल काढलीस. हे काय शिक्षण आहे? त्या मुलाला घरात वळण नाही. म्हातारीनं डोक्यावर चढवून ठेवलंय."

आजी खाली बघत होत्या. मी उभा राहिलो. आत्याने माझा शर्ट मागून धरला. तिला वाटले, मी मारणार. मलाही क्षणभर तसेच वाटले होते.

मी म्हटले, "सर, भुवनानं मनोरा पाडला, कारण मी तिला शिकवलं."

"म्हणजे चूक माझ्या मुलीची?"

"नाही. मी त्याला रोज वाईट म्हणत होतो, आणि हसत होतो. तिला वाटलं, याला वाईट म्हटलं की अण्णा हसतात. पाडल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. मला खूश करायला पाडलं तिनं."

मग एक आई म्हणाली, माझा मुलगाही घरी हेच म्हणतो, मोसम मोसम, मला वाटलं टीव्हीवरून आलं. दुसरी म्हणाली, आमच्याकडेही.

सुब्रह्मण्य म्हणाले, "मग हा माणूस इथे कशाला?"

"उद्यापासून नाही," मी म्हटले. "पण तो राहिला पाहिजे. गेले कितीतरी दिवस तो चावला नव्हता. शब्द शिकला होता. मी मध्ये आलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग फोटोकडे. मुलीच्या दंडाकडे बघणाऱ्या बापाला हो म्हणणे जड जात असेल. शेवटी आत्याला म्हणाले, "हा जाणार असेल, तर त्या मुलाला दिवाळीपर्यंत ठेवा. तिथून पुढे मी बघेन." आणि उठले. छोट्या खुर्चीतून उठताना त्यांना हाताचा आधार लागला. मी दिला. त्यांनी घेतला.

सगळे गेल्यावर आत्या म्हणाली, "आता चपला कोण लावणार?" आणि आत निघून गेली.

हरिता खुर्च्या रचत होती. म्हणाली, "सगळ्यांसमोर सांगितलंत, काय झालं ते. जसं झालं तसं." मग पिशवीतून लग्नाची पत्रिका काढून दिली. आवणीतला मुहूर्त. वर त्यागराज, खाली तिचे नाव. मी वाचले, येईन म्हटले. मनात एवढेच होते की कार्तिकेय उद्या येईल का.

१४ ऑगस्ट

आला नाही. आत्याने फोनवर सांगितले. आजी तिला म्हणाल्या, अण्णा कुठे म्हणून विचारतो. अण्णा नाही म्हटलं तर जायचं नाही म्हणतो. वासुकी म्हणते, सोमवारी एकदा नेऊन बघू, नाही राहिला तर घरीच ठेवू.

१८ ऑगस्ट

सकाळी इळनीर प्यायला म्हणून गेलो. शाळेसमोर नारळपाण्याची गाडी असते. तिच्यामागे उभे राहिले तर फाटक दिसते आणि फाटकातून माणूस दिसत नाही.

आजी त्याला घेऊन आल्या. फाटकाशी येऊन तो थांबला. आजींनी ओढले, तो बसला. रस्त्यावरच बसला, कॉलर तोंडात. आजी इकडे तिकडे बघू लागल्या. मी आहे का ते बघत असाव्यात. मी एक पाऊल पुढे टाकले. मी गेलो असतो तर तो नक्की उठला असता. माझा हात धरून आतही गेला असता. उद्या पुन्हा इथेच बसला असता.

हरिता बाहेर आली. तिने मला पाहिले. नारळवाल्याच्या कोयत्यावरून थेट माझ्या डोळ्यांत. मग रस्त्यावर त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि काहीतरी बोलली. तिच्या साडीच्या काठाला धूळ लागली. तिने पुन्हा वर पाहिले नाही. पाहिले असते तर त्यानेही तिकडे पाहिले असते. ती मुद्दाम बघत नव्हती, आणि मला बरे वाटले.

बराच वेळ गेला. नारळवाला म्हणाला, "तम्बी, पाणी पिऊन झालं ना, खोबरं काढून देऊ?" मी त्याला गप्प राहा अशी खूण केली.

कार्तिकेय उठला. हरिताने हात पुढे केला, तो त्याने धरला नाही. स्वतःच चालत फाटकापर्यंत गेला, आत पाऊल टाकले, मागे वळून फाटक ओढून घेतले. आजी बाहेरच राहिल्या.

मी खोबरे न घेता निघालो. वळणावर पोचेपर्यंत आतून रडण्याचा आवाज आला नाही. तिथून पुढे ऐकू येत नाही.